तरुण वयातील आत्मजाणीव आणि अस्सलपणा

तरुण वयातील आत्मजाणीव आणि अस्सलपणा हा विकासात्मक मानसशास्त्र, सामाजिक मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. स्वतःकडे लक्ष वळण्याच्या, विशेषतः आपण इतरांना कसे दिसत असू याविषयी सजग असण्याच्या अवस्थेस आत्मजाणीव म्हणतात. आपल्या भावना, मूल्ये व श्रद्धा यांच्याशी सुसंगत असे जगणे म्हणजे अस्सलपणा होय. कुमारवयाच्या अखेरीपासून विशीच्या उत्तरार्धापर्यंतच्या काळात या दोहोंमधील ताण विशेष जाणवतो. शिक्षण, व्यवसाय, जोडीदार आणि श्रद्धा यांविषयीचे निर्णय याच काळात घ्यावे लागतात आणि ते घेताना इतरांच्या नजरेचे ओझेही मोठे असते.

आत्मजाणीव वाढली की अस्सलपणा कमी होतो, असा सर्वसाधारण समज आहे. १९७० नंतरच्या संशोधनातून मात्र हे नाते इतके सरळ नसल्याचे दिसून आले आहे. स्वतःकडे लक्ष देणे हे अस्सलपणाच्या आड येतेच असे नाही. ते कोणाच्या नजरेतून दिले जाते आणि त्या नजरेचा अंदाज कितपत खरा आहे, यावर बरेच काही अवलंबून असते.

## संज्ञा

मराठीत या अनुभवासाठी संकोच, भिडस्तपणा, बुजरेपणा, लोकलज्जा असे अनेक शब्द आहेत. ते समानार्थी नाहीत. भिडस्त माणसाला दुसऱ्याचे मन मोडवत नाही, बुजरा माणूस अनोळखी लोकांत मिसळण्यास कचरतो, तर लोकलज्जेत समाजाच्या निंदेचे भय असते. आत्मजाणीव ही संज्ञा या सर्वांहून व्यापक असून तिच्यात भीती असलीच पाहिजे असे नाही. 'जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगावी' या प्रचलित म्हणीत इतरांच्या आणि स्वतःच्या अशा दोन वेगवेगळ्या कसोट्या गृहीत धरलेल्या आहेत. मानसशास्त्रातील सार्वजनिक आणि खासगी आत्मजाणिवेचा भेद या म्हणीतील भेदाशी तंतोतंत जुळत नसला, तरी त्याच्या जवळचा आहे.

अस्सलपणा आणि प्रामाणिकपणा यांतही फरक केला जातो. अमेरिकन समीक्षक लायोनेल ट्रिलिंग यांनी १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या 'सिन्सेरिटी अँड ऑथेन्टिसिटी' या ग्रंथात या दोन कल्पनांचा इतिहास मांडला. प्रामाणिकपणात मनुष्य इतरांशी खरे वागतो. अस्सलपणात तो स्वतःशी खरा राहू पाहतो.

## तात्त्विक पार्श्वभूमी

इतरांच्या नजरेतून स्वतःचे मोल ठरवण्याच्या वृत्तीची चिकित्सा जाँ-जाक रूसो यांनी १७५५ च्या विषमतेवरील प्रबंधात केली. स्वतःच्या जतनाची नैसर्गिक ओढ आणि इतरांशी तुलनेतून जन्मणारा अभिमान, असे स्वप्रेमाचे दोन प्रकार त्यांनी मानले. दुसऱ्या प्रकारात मनुष्य इतरांच्या मतात जगू लागतो, असे त्यांचे म्हणणे होते.

विसाव्या शतकात अस्तित्ववादी विचारवंतांनी हा प्रश्न केंद्रस्थानी आणला. मार्टिन हायडेगर यांनी 'सत्ता आणि काल' (१९२७) या ग्रंथात 'चारचौघे करतात तसे' जगण्यात मनुष्य स्वतःला हरवतो, असे प्रतिपादन केले. जाँ-पॉल सार्त्र यांच्या 'सत्ता आणि शून्यता' (१९४३) या ग्रंथातील दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. पहिल्यात किल्लीच्या छिद्रातून डोकावणाऱ्या माणसाला मागे पावले ऐकू येतात आणि तो क्षणात लाजेने स्वतःकडे पाहू लागतो. दुसऱ्यात कॅफेतील वेटर आपली भूमिका इतक्या नेटाने वठवतो की त्या भूमिकेपलीकडे आपण कोणी आहोत हेच जणू नाकारतो. या आत्मवंचनेपासून सुटणे सार्त्र यांच्या मते कठीण आहे.

कॅनडातील तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर यांनी १९९१ साली या आदर्शाची बाजू घेतानाच त्याच्या उथळ रूपावर टीका केली. स्वतःचा शोध एकांतात लागत नाही, तो आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या माणसांशी होणाऱ्या संवादातून घडतो, असे त्यांचे मत आहे. त्यामुळे 'मला वाटते म्हणून ते योग्य' ही भूमिका त्यांच्या दृष्टीने अस्सलपणाची विटंबना ठरते.

## मानसशास्त्रीय संशोधनाचा विकास

विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये जाणणारा 'मी' आणि जाणला जाणारा 'मी' असा भेद केला. चार्ल्स हॉर्टन कूली यांनी १९०२ मध्ये 'आरशातील स्व' ही कल्पना मांडली. आपण इतरांना कसे दिसतो याची कल्पना, ते आपल्याविषयी काय मत बनवतील याची कल्पना आणि त्यातून येणारा अभिमान किंवा शरम, असे तिचे तीन घटक आहेत. यातील पहिले दोन घटक केवळ कल्पना आहेत, ही बाब पुढील संशोधनात महत्त्वाची ठरली.

शेली ड्यूव्हल आणि रॉबर्ट विकलंड यांनी १९७२ मध्ये प्रायोगिक अभ्यासाचा पाया घातला. आरसा, कॅमेरा किंवा स्वतःचा ध्वनिमुद्रित आवाज यांमुळे माणसाचे लक्ष स्वतःकडे वळते आणि तो आपली तुलना आपल्याच आदर्शांशी करू लागतो, असा त्यांचा सिद्धांत होता. या तुलनेत उणेपणा जाणवला, की मनुष्य एकतर वागणे सुधारतो किंवा त्या जाणिवेपासून पळ काढतो. एडवर्ड डीनर आणि मार्क वॉलबम यांनी १९७६ मध्ये केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एकांतात चाचणी देऊन घंटा वाजताच थांबण्यास सांगितले होते. समोर आरसा नसलेल्यांपैकी ७१ टक्के विद्यार्थी घंटेनंतरही लिहीत राहिले. समोर आरसा ठेवून स्वतःचा आवाज ऐकवलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. प्रयोग लहान असला, तरी आत्मजाणीव माणसाला त्याच्या मूल्यांपासून दूरच नेते असे नाही, हे त्यातून दिसले.

ॲलन फेनिगस्टीन, मायकेल शायर आणि अर्नोल्ड बस यांनी १९७५ मध्ये २३ विधानांची मापनश्रेणी तयार केली. तिचे तीन भाग आहेत:

* खासगी आत्मजाणीव – स्वतःचे विचार, भावना व हेतू यांकडे लक्ष देण्याची प्रवृत्ती.
* सार्वजनिक आत्मजाणीव – इतरांना दिसणाऱ्या आपल्या रूपाकडे व वागण्याकडे लक्ष देण्याची प्रवृत्ती.
* सामाजिक चिंता – इतरांच्या उपस्थितीत वाटणारी अस्वस्थता.

पहिल्या दोन प्रवृत्तींतून तिसरी निर्माण होईलच असे नाही. स्वतःच्या दिसण्याविषयी सजग असलेला मनुष्य चारचौघांत निर्धास्तही असू शकतो.

## तरुण वयाचे वैशिष्ट्य

### कुमारवय

डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये 'काल्पनिक प्रेक्षक' ही संकल्पना मांडली. कुमारवयात इतरांच्या मनातील विचारांचा विचार करण्याची क्षमता येते. मात्र आपल्या मनात जे घोळते तेच इतरांच्याही मनात असेल, असे मुलामुलींना वाटते. त्यामुळे चेहऱ्यावरचा एखादा मुरूम सर्व वर्गाच्या नजरेत भरला असणार अशी त्यांची खात्री होते. हे स्वकेंद्रित विचारपद्धतीचे लक्षण आहे, हे एल्काइंड यांचे स्पष्टीकरण पुढील अभ्यासकांनी पूर्णतः स्वीकारले नाही. समवयस्कांकडून खरोखरच पारख आणि थट्टा होत असते, त्यामुळे हा प्रेक्षक सर्वस्वी काल्पनिक नसतो, असा एक आक्षेप आहे.

लिआ सोमरव्हिल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालकांपासून तरुणांपर्यंतच्या सहभागींना, आपल्याच वयाची व्यक्ती कॅमेऱ्यातून आपल्याला पाहत आहे, एवढेच सांगण्यात आले. या साध्या परिस्थितीतही कुमारवयीनांमध्ये संकोच, त्वचेवर मोजता येणारी शारीरिक उत्तेजना आणि मेंदूच्या पुढील मध्यभागातील क्रियाशीलता वाढलेली आढळली.

सुझन हार्टर यांच्या संशोधनानुसार, घरी चिडके आणि मित्रांत हसरे असण्यातील विसंगती मुलांना साधारण चौदा-पंधराव्या वर्षी सर्वाधिक बोचते आणि 'यातला खरा मी कोणता?' हा प्रश्न पडतो. आई-वडिलांचा किंवा मित्रांचा आधार अटींवर मिळत असेल, अर्थात त्यांना हवे तसे वागल्यासच मिळत असेल, तर खोटे वागण्याचे प्रमाण अधिक असल्याचे हार्टर यांना आढळले. ब्रिटिश मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९६० मध्ये मांडलेल्या 'खोट्या स्व'च्या कल्पनेशी हे निष्कर्ष जुळतात. त्यांच्या मते सौम्य स्वरूपातील खोटा स्व म्हणजे केवळ शिष्टाचार असतो. तीव्र स्वरूपात तो माणसाची संपूर्ण जागा घेतो.

### उदयोन्मुख प्रौढत्व

एरिक एरिक्सन यांनी स्वओळखीची घडण हे कुमारवयाचे मुख्य विकासकार्य मानले. जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये, पर्यायांचा शोध घेतला आहे काय आणि बांधिलकी स्वीकारली आहे काय, या दोन निकषांवर ओळखीच्या चार अवस्था सांगितल्या. शोध न घेताच घरच्यांनी आखलेला मार्ग स्वीकारणे ही त्यांपैकी एक होय. अशी व्यक्ती निश्चिंत दिसते, पण तिची निवड तिने पारखलेली नसते. याउलट शोध चालू असूनही निर्णय न झालेली अवस्था चिंतेची असते, तरी अनेकदा तीच परिपक्व ओळखीच्या आधी येते.

जेफ्री आर्नेट यांनी २००० मध्ये १८ ते २५ या वयोगटास 'उदयोन्मुख प्रौढत्व' असे नाव दिले. ओळखीचा शोध, अस्थिरता, स्वतःवर केंद्रित असणे, ना लहान ना मोठे अशी भावना आणि शक्यतांची विपुलता ही त्याची पाच वैशिष्ट्ये त्यांनी नोंदवली. हा टप्पा सार्वत्रिक नाही, अशी टीका त्यावर होते. शिक्षण सोडून लवकर कामाला लागणाऱ्या किंवा लवकर लग्न होणाऱ्या तरुणांना स्वतःच्या शोधासाठी अशी सवड मिळत नाही.

## नजरेचा चुकीचा अंदाज

टॉमस गिलोविच, व्हिक्टोरिया मेडवेक आणि केनेथ सावित्स्की यांनी २००० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात विद्यार्थ्याला गायक बॅरी मॅनिलो यांचे चित्र असलेला, त्या पिढीला लाजिरवाणा वाटेल असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवण्यात आले. सुमारे निम्म्या जणांनी शर्टावरील चित्र ओळखले असेल, असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे एक चतुर्थांश जणांनीच ते ओळखले. या प्रवृत्तीस 'प्रकाशझोत परिणाम' म्हणतात. इतरांचे लक्ष मुळीच नसते असा याचा अर्थ नाही. आपल्याला वाटते त्याहून ते बरेच कमी असते, एवढाच आहे.

आपली घालमेल चेहऱ्यावर स्पष्ट दिसत असणार, असे वाटण्यास 'पारदर्शकतेचा भास' म्हणतात. सावित्स्की आणि गिलोविच यांनी २००३ मध्ये भाषण करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना या भासाची माहिती आधीच दिली. माहिती मिळालेल्यांची भाषणे त्यांना स्वतःला आणि श्रोत्यांनाही अधिक चांगली वाटली. केवळ एका वस्तुस्थितीच्या ज्ञानाने ताण कमी होऊ शकतो, हे या प्रयोगाचे महत्त्व मानले जाते.

## अस्सलपणाचे घटक आणि मापन

मानवतावादी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी अनुभव, त्याची जाणीव आणि त्याची अभिव्यक्ती यांतील मेळ हा निरोगी व्यक्तिमत्त्वाचा गाभा मानला. मायकेल कर्निस आणि ब्रायन गोल्डमन यांनी २००६ मध्ये अस्सलपणाचे चार घटक सांगितले: स्वतःची जाण, स्वतःविषयीच्या माहितीचा निःपक्ष स्वीकार, मूल्यांशी सुसंगत वागणूक आणि जवळच्या नात्यांतील मोकळेपणा. ॲलेक्स वुड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १२ विधानांची मापनश्रेणी तयार केली. तिच्यात स्वतःपासूनचा दुरावा, अस्सल जगणे आणि बाह्य प्रभावाचा स्वीकार हे तीन भाग आहेत.

स्वतःची जाण हाच अस्सलपणाचा पहिला घटक असल्यामुळे आत्मजाणिवेविना अस्सलपणा संभवत नाही. पॉल ट्रॅपनेल आणि जेनिफर कॅम्पबेल यांनी १९९९ मध्ये खासगी आत्मजाणिवेचे आणखी दोन प्रकार वेगळे केले. कुतूहलापोटी केलेले आत्मचिंतन नव्या अनुभवांविषयीच्या खुलेपणाशी संबंधित असते. भीती किंवा पश्चात्तापापोटी एकच गोष्ट मनात उगाळत राहणे मात्र भावनिक अस्थिरतेशी निगडित असते.

सर्वत्र सारखेच वागणे म्हणजे अस्सलपणा, हा समजही अभ्यासकांना मान्य नाही. मार्क स्नायडर यांनी १९७४ मध्ये प्रसंगानुरूप वागणे बदलण्याच्या क्षमतेस 'स्व-नियमन निरीक्षण' म्हटले. ही क्षमता अधिक असणारे सर्वच लोक ढोंगी ठरत नाहीत. केनन शेल्डन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये विद्यार्थी, नोकरदार, मूल, मित्र आणि जोडीदार या पाच भूमिकांचा अभ्यास केला. भूमिकांगणिक वागण्यात किती फरक पडतो आणि त्या भूमिकेत किती मोकळे वाटते, या दोन्ही बाबी मनःस्वास्थ्याशी स्वतंत्रपणे निगडित असल्याचे त्यांना आढळले.

## समाजमाध्यमे

घर, महाविद्यालय, जुने शेजारी आणि नोकरीच्या ठिकाणचे वरिष्ठ हे एरवी वेगवेगळे असणारे प्रेक्षक समाजमाध्यमांवर एकत्र येतात. ॲलिस मार्विक आणि डेना बॉइड यांनी या स्थितीचे वर्णन संदर्भांची सरमिसळ असे केले आहे. पूर्वी कल्पनेत असणारी नजर येथे पसंतीच्या आकड्यांत मोजता येते. त्यावर उपाय म्हणून अनेक तरुण मोजक्या मित्रांसाठी दुसरे, खासगी खाते ठेवतात. इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये पसंतीचे आकडे लपवण्याचा पर्याय दिला. दिवसातून एकदा अचानक सूचना देऊन त्या क्षणाचे छायाचित्र मागणारे 'बीरिअल' हे ॲप २०२२ च्या सुमारास लोकप्रिय झाले. तेथेही चांगले छायाचित्र मिळेपर्यंत थांबण्याची सोय वापरकर्त्यांनी शोधून काढली.

फेसबुकच्या दहा हजारांहून अधिक वापरकर्त्यांवरील २०२० मधील अभ्यासात, ज्यांचे माध्यमावरील रूप त्यांच्या व्यक्तिमत्त्वाशी अधिक जुळते त्यांचे जीवनसमाधान अधिक आढळले. मात्र अशा सहसंबंधावरून कार्यकारणभाव निश्चित करता येत नाही. समाधानी माणसाला मोकळे वागणे सोपे जात असण्याचीही शक्यता आहे.

## सांस्कृतिक संदर्भ

हेझेल मार्कस आणि शिनोबु कितायामा यांनी १९९१ मध्ये स्वतंत्र आणि परस्परावलंबी अशा दोन स्व-कल्पनांची मांडणी केली. परस्परावलंबी स्व-कल्पनेत नात्यातील कर्तव्य निभावणे हाही स्वतःशी खरे राहण्याचा मार्ग असू शकतो. त्यामुळे आई-वडिलांच्या इच्छेनुसार अभ्यासक्रम निवडणारी प्रत्येक व्यक्ती अस्सलपणा गमावते, असे म्हणता येत नाही. ती निवड तिने मनोमन आपली मानली आहे, की नामुश्कीच्या भीतीने पत्करली आहे, हा कळीचा मुद्दा ठरतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न भाषेच्या संदर्भातही दिसतो. ग्रामीण भागातून मोठ्या शहरात शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला 'न' आणि 'ण' यांच्या उच्चारावरून हसले जाण्याची भीती असते. घरी बोली आणि वर्गात प्रमाणभाषा असा दुहेरी वापर ही भाषिक क्षमता आहे. लाजेपोटी वर्गात तोंड मिटून बसणे किंवा घरच्यांचे बोलणे मित्रांपासून लपवणे ही वेगळी बाब आहे.

मराठी साहित्यात या अनुभवाचे महत्त्वाचे चित्रण भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीत आढळते. खानदेशातील सांगवी या गावातून पुण्यात शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर हा तिचा निवेदक आहे. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनाची रचनाच दुभंगलेल्या स्वची आहे. त्यात शहरी पांढरपेशा जगात वावरणाऱ्या दया पवारला दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो. दोघेही एकच आहेत.

## कलंक आणि लपवणूक

अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये 'स्टिग्मा' या ग्रंथात, समाजाने कलंकित मानलेली ओळख लपवून वावरणाऱ्या व्यक्तींच्या सततच्या सावधगिरीचे विश्लेषण केले. जात, लैंगिक कल, आजार किंवा गरिबी उघड झाल्यास अपमान, बहिष्कार किंवा हिंसा सोसावी लागण्याची शक्यता असते, तेव्हा इतरांच्या नजरेची धास्ती ही विचारातील चूक नसते. अशा परिस्थितीत प्रकाशझोत परिणामाचा दाखला अपुरा पडतो आणि मौन हे संरक्षण ठरते. त्याची किंमत मात्र त्या व्यक्तीलाच मोजावी लागते. इलान मेयर यांच्या अल्पसंख्याक-ताण सिद्धांतात (२००३) ओळख लपवणे हा मानसिक ताणाचा एक स्रोत मानला आहे. 'आहेस तसा राहा' हा उपदेश सर्वांना सारख्याच किमतीत पाळता येत नाही, अशी टीका या अभ्यासांच्या आधारे केली जाते.

## मानसिक आरोग्याशी संबंध

तरुण वयातील संकोच बहुतांशी स्वाभाविक असून अनुभवाने कमी होतो. तो शिक्षण, मैत्री किंवा नोकरी यांच्या आड येऊ लागला, तर सामाजिक चिंता विकाराची शक्यता तपासली जाते. हा विकार बहुधा कुमारवयात सुरू होतो. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांच्या १९९५ च्या प्रारूपानुसार, अशी व्यक्ती समोरच्या माणसाकडे पाहण्याऐवजी आपण कसे दिसत असू याचे मनातील चित्र पाहत राहते. नजर टाळणे, प्रत्येक वाक्य मनात घोकून मग बोलणे, हात थरथरू नयेत म्हणून पेला घट्ट धरणे अशा बचावाच्या सवयींमुळे भीती खोटी ठरण्याची संधीच मिळत नाही. उपचारात लक्ष बाहेर वळवण्याचा सराव, या सवयी सोडून पाहणे आणि स्वतःचे चित्रीकरण पाहून मनातील चित्राशी त्याची तुलना करणे यांचा समावेश असतो. भारत सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली-मानस' या दूरध्वनी सेवेवर (१४४१६) मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य समुपदेशन मिळते.

## टीका

अस्सलपणाचे मापन प्रामुख्याने व्यक्तीच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारित असते. त्यातून ती व्यक्ती अस्सल आहे काय हे कळत नाही, तिला तसे वाटते काय एवढेच कळते. विल्यम फ्लीसन आणि जोशुआ विल्ट यांना २०१० मध्ये असे आढळले की, मूळ स्वभाव कसाही असला तरी मिळूनमिसळून, सौजन्याने व नेटाने वागताना लोकांना अधिक अस्सल वाटते. यावरून, लोक आपल्या चांगल्या वागण्यालाच 'खरा मी' म्हणत असावेत, असा संशय घेतला जातो. माणसाच्या आत शोधून काढण्याजोगा एकच खरा स्व असतो, या गृहीतकाबद्दलही एकमत नाही. काही अभ्यासकांच्या मते तो सापडत नसतो, तर निवड आणि बांधिलकी यांतून हळूहळू घडत जातो. तसे असेल, तर तरुण वयातील अनिश्चितता हा अस्सलपणाचा अभाव न ठरता त्याच्या घडणीचा भाग ठरतो.

## हे सुद्धा पहा

* अस्तित्ववाद
* एरिक एरिक्सन
* कुमारावस्था
* सामाजिक चिंता विकार
* कोसला
* बलुतं